मुक्काम पोस्ट सिरसाळा

मु. पो. सिरसाळा, ता. परळी, जि. बीड
२१ नोव्हेंबर २००४

प्रिय वर्षाराणी,

अनेक आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. एक दिवसाआड कॉम्प्युटरवर भेटणारी बाई आज एकदम टपालानं कशी आली, म्हणशील. घाबरू नकोस, बातमी गोड आहे. गेल्या सोमवारी आम्ही अंबाजोगाईच्या दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, फोटो बघितला, रक्ताचे कागद उलटसुलट केले आणि म्हणाल्या, आता सहा महिन्यांनी आलात तरी चालेल. दर तीन महिन्यांचा फेरा सुटला. आमच्या अप्पांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, परळीच्या स्टँडवर पेढे घेतले आणि गाडीत कंडक्टरपासून सगळ्यांना वाटले. कशाचे पेढे ते मात्र सांगता येईना. बायकोच्या छातीतली गाठ काढून दोन वर्षं झाली आणि ती अजून धडधाकट आहे, असं एस.टी.त कसं सांगणार? नुसते "घ्या, घ्या" म्हणत होते. शेवटी एका म्हातारीनं विचारलं, "पोरगं पास झालं काय?" त्यावर अप्पा हो म्हणाले.

हे पत्र का लिहिलं ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तू मधलं वाचणार नाहीस, आणि मला दोन वर्षांचं सगळं एकदा ओळीनं बोलायचं आहे. मी जिवंत आहे ती तुझ्यामुळं, हे मी तुला कधी तोंडानं म्हटलं नाही. आपल्याकडं आभार मानायची सवयच नाही ना. घरच्या माणसाचे आभार मानले तर त्याला राग येतो, आणि परक्याचे मानायची वेळ येईपर्यंत तो घरचा होऊन बसलेला असतो.

तुला ठाऊक नाही, मी त्या कॉम्प्युटरसमोर बसले कशी. माझ्या पोराचा, संगमेशचा, आधी एस.टी.डी. बूथ होता. गल्लोगल्ली बूथ झाले तसा आमचा ओस पडायला लागला. मग त्यानं अप्पांशी महिनाभर वाद घालून दोन कॉम्प्युटर आणले आणि 'नेट कॅफे' अशी पाटी लावली. सकाळी पोरं निकाल बघायला यायची, संध्याकाळी नोकरीचे फॉर्म भरायला. दुपारी माशा. संगमेश जेवायला गेला की राखणीला मी बसायची. रिकामी बसायची मला सवय नाही. म्हणून त्यानं मला नेटवरची 'चावडी' उघडून दिली. म्हणाला, ही आपलीच मराठी माणसं आहेत, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात, काहीबाही विचारतात, तू वाचत बस. दहावीपर्यंत शिकले होते, अक्षरं ओळखीची होती. वाचता वाचता एक दिवस राहवलं नाही. मस्कतच्या कुणा एकट्या माणसानं विचारलं होतं, वरणात मीठ जास्त झालं तर काय करावं. चार शहाण्यांनी त्याला फेकून दे म्हणून सांगितलं होतं. अन्न फेकून दे! मी एका बोटानं अर्धा तास टाइप केलं की कणकेचा गोळा टाक, दहा मिनिटं उकळ आणि गोळा काढून घे. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं, काकू, आज पोटभर जेवलो. वर्षा, खोटं कशाला सांगू, मला परळीत माझी मिरवणूक निघाल्यासारखं वाटलं.

मग काय, सुटलेच मी. घरात माझं कोण ऐकतंय? अप्पा 'हं' म्हणतात आणि संगमेश 'बरं' म्हणतो, आणि दोघं आपल्याला हवं तेच करतात. इथं मात्र मिशिगनची बाई माझं ऐकून तान्ह्या बाळाला ओव्याची पुरचुंडी शेकत होती. दोन भावांचा अबोला होता, त्यातल्या एकाला मी लिहिलं, अबोला मोडायचा तर काही द्यायला जाऊ नकोस, मागायला जा. वहिनीकडं वाटीभर विरजण माग. देणाऱ्याचा ताठा वाटतो, मागणाऱ्याला कुणी हाकलत नाही. त्यांचं जमलं म्हणे. अशी मी लोकांची घरं सावरत बसले होते, आणि माझ्या घरात काय चाललं होतं ते पुढं येतंच.

एक चूक मात्र मी पहिल्या दिवसापासून केली. आपल्याकडं कुणाशी बोलायचं म्हणजे आधी आपण कोण, कुठले, ते सांगायचं. पत्ता न घालता लिहिणं म्हणजे निनावी चिठ्ठी, आणि निनावी चिठ्ठी काय चांगल्या घरची माणसं लिहितात? म्हणून प्रत्येक उत्तराखाली मी पूर्ण घालायची: सौ. नीलम्मा मन्मथअप्पा, भुसार दुकान, मारुतीच्या पाराजवळ, मु. पो. सिरसाळा, ता. परळी, जि. बीड. आणि शेवटी, इकडं आलात तर घरी जेवायलाच या. संगमेशनं एकदा वाचलं आणि डोक्याला हात लावला. "आई, पत्ता कावून टाकतीस? सारी दुनिया वाचती!" मी म्हटलं, "दुनियेला दार दाखवायचं न्हाई, तर शानपन तरी कावून शिकवायचं?" पण आतून मलाही ठाऊक होतं, जेवायला या म्हटल्यावर कुणी येत नसतं. म्हणणाऱ्यानं म्हणायचं, ऐकणाऱ्यानं 'येऊ की' म्हणायचं, अशी रीत आहे. तू पुण्याची, तुला ही रीत कुणी शिकवलीच नव्हती.

तुझा पहिला प्रश्न अजून आठवतो. भाकरी चिरते, काय करू? मी सांगितलं, पीठ जुनं असेल तर त्याचा चिकटपणा गेलेला असतो, उकळत्या पाण्यात मळ. दोन दिवसांनी, कढी फुटते. मग, लोकरीच्या कपड्यांना वास येतो. रोज दुपारी अडीच-तीनला. ऑफिसात कॉम्प्युटरपुढं बसलेली, कमावती, एकटी राहणारी पोर आणि हिला रोज दुपारी भाकरीची आठवण येते! मी काय एवढी भोळी नाही. तू सातवीत असताना तुझी आई गेली हे तू तिसऱ्या महिन्यात लिहिलंस, तेही कढीलिंबाच्या चौकशीत, एका ओळीत. कशानं गेली ते लिहिलं नाहीस. मीही विचारलं नाही. एरवी मी सात पिढ्या विचारते, पण त्या दिवशी विचारलं नाही.

आणि आता माझं. त्या उन्हाळ्यात अंघोळ करताना डाव्या बाजूला सुपारीएवढं काहीतरी हाताला लागलं. दुखत नव्हतं. म्हटलं, जाईल. हळद-चुन्याचा लेप लावला, एरंडाचं पान बांधलं. सुपारी होती तेवढीच राहिली, मग जरा मोठी झाली. अप्पांना सांगितलं नाही. संगमेशच्या सोयरिकीचं बोलणं चालू होतं. पोराच्या आईला असं काही आहे म्हटल्यावर लोक काय म्हणतील, असं मी मनाला सांगत होते. आणि पुरुष डॉक्टरसमोर कसं जायचं, हेही सांगत होते. ही सगळी कारणं होती. खरं एवढंच की मला भीती वाटत होती. मस्कतच्या माणसाला आणि मिशिगनच्या बाईला रोज धीर देणाऱ्या या शहाणीला दवाखान्याची पायरी चढायची भीती वाटत होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

शेवटी चावडीवर मी तुलाच विचारलं. लिहिलं, आमच्या शेजारच्या रतनबाईला छातीत गाठ आहे, लेपानं कमी होईना, आणखी काय लावावं? रतनबाईचं नाव का घातलं, देव जाणे. भिंतीला भिंत लागून घर, तीस वर्षांची मैत्रीण, पटकन तीच आठवली. तुझं उत्तर पाचव्या मिनिटाला आलं. काकू, काही लावू नका, रतनबाईंना उद्याच दवाखान्यात न्या. मी लिहिलं, बघते. दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, नेलं का? मी लिहिलं, तिच्या घरी पाहुणे आहेत. तिसऱ्या दिवशी, नेलं का? मी लिहिलं, खुरपणी आहे. असे तीन आठवडे मी बिचाऱ्या रतनबाईला कामाला लावलं. त्या दिवसांत तू भाकरी, कढी, काही विचारलं नाहीस. रोज दोनच शब्द, नेलं का. मग मी तीन दिवस चावडी उघडलीच नाही.

चौथ्या दिवशी, श्रावणातला मंगळवार होता, तू पुण्याच्या गाडीतून सिरसाळ्याच्या फाट्यावर उतरलीस. पुढचं तुला ठाऊक आहे, पण माझ्या बाजूनं ऐक. तू पानटपरीवरच्या धोंडीरामला माझं घर विचारलंस. आता आपल्याकडं घर विचारलं की सांगणारा आधी विचारणार, कुठल्या, कुणाच्या, काय काम. आणि तू सरळ सांगितलंस, की रतनबाईंना छातीत गाठ आहे, त्यांना दवाखान्यात न्यायला आलेय. धोंडीराम भला माणूस. त्यानं टपरी सोडली, तुझी बॅग घेतली, तुला घरापर्यंत आणलं आणि वाटेतल्या सहा घरांना ही बातमी दिली. मी ओट्यावर जोंधळे निवडत होते. तू पाया पडलीस, मी काही बोलणार तोवर शेजारच्या दारातून रतनबाई बाहेर आली. हातात लाटणं.

"माझ्या अंगात गाठ हाय आन मलाच ठाव न्हाई? सारी गल्ली सांगायली!" ती केवढ्यानं तरी ओरडली. तू तिच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणालीस, मावशी, घाबरू नका, मी सोबत आहे. त्या तुझ्या मऊ बोलण्यानंच घात केला. रतनबाईचा राग गेला आणि तोंड एवढंसं झालं. पायरीवर बसली. गळ्याला हात लावून बघते, काखेत चाचपून बघते. "नीलम्मा, खरं सांग. मला तवा ताप आलता, तवा डॉक्टर तुमाला काय बोलला व्हता? माझ्यापसून लपवलं व्हय गं? माझ्या पोरीचं लगीन ऱ्हायलंय." कुणीतरी तिच्या नवऱ्याला, बद्रीनाथला, शेतातून बोलवायला पळालं होतं. गर्दी बघून अप्पाही दुकानातून आले होते. आणि मी मांडीवर सूप घेऊन बसलेली. धडधाकट बाई माझ्या पायरीवर मरणाच्या भीतीनं रडतेय आणि मी जोंधळ्यातले खडे वेचतेय. वर्षा, माझ्या आयुष्यात मला एवढी लाज कधी वाटली नाही. "गाठ तिला न्हाई," मी म्हटलं, "मला हाय."

रतनबाईनं लाटणं खाली ठेवलं. माझ्या पाठीत एक गुद्दा घातला, चांगला जोरात, आणि मग माझ्या गळ्यात पडून माझ्यापेक्षा जास्त रडली. अप्पा एवढंच म्हणाले, "मला कावून बोलली न्हाईस?" आणि उत्तराची वाट न बघता दुकानाचं शटर ओढायला गेले. सणावारीसुद्धा दुपारी बंद न होणारं दुकान. गावातल्या अर्जुनरावांची भाड्याची जीप सांगितली. रतनबाई न विचारता पुढच्या सीटवर जाऊन बसली. माझ्या नावानं सारं गाव रडलंय, आता म्या सोडते व्हय, असं काहीतरी पुटपुटत होती.

दवाखान्याच्या बाकावर आपण दोघी नंबरची वाट बघत होतो तेव्हा मी तुला विचारलं, कुणाची कोण मी, तू एवढ्या लांबून आलीस कशी? तू समोरच्या भिंतीकडं बघत सांगितलंस, माझ्या आईनंही डॉक्टरांना शेजारणीचंच म्हणून विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, शेजारणीला घेऊन या. आई घरी आली ती परत गेलीच नाही. तू म्हणालीस, तुमच्या पहिल्याच उत्तराला मला कळलं होतं काकू, की शेजारीण कुणी नाही. पण तुम्ही नाव घेतलंत म्हणून मीही नावच घेत राहिले. मग आपल्याला आत बोलावलं. तू माझा हात धरून आत आलीस आणि तपासणी होईपर्यंत सोडला नाहीस. डॉक्टरीणबाईंनी तुला विचारलं, या तुमच्या कोण? तू काय उत्तर दिलंस ते मी सांगत नाही. तुलाही आठवत असेल.

ऑपरेशन झालं, सलाईनमधली ती औषधं सहा वेळा झाली. डोक्यावरचा केसन् केस गेला. तू दोनदा येऊन गेलीस, तिसऱ्यांदा तुला रजा मिळाली नाही. पण तू काय केलंस ते मी ओळखलं होतं. त्या सहा महिन्यांत तू चावडीवर रोज एक प्रश्न टाकलास. तूप कसं कढवायचं, साबुदाणा का चिकटतो, शिवलेल्या ब्लाउजची बाही कशी उसवायची. मिशिगनच्या बाईनं तर एकदा लिहिलं, या मुलीला काहीच कसं येत नाही! मला ठाऊक होतं, तुला सगळं येतं. उत्तर द्यायला म्हणून मी अंथरुणातून उठावं, पदर डोक्यावर घ्यावा, संगमेशच्या दुकानापर्यंत चालत जावं, म्हणून ते प्रश्न होते. मळमळ होत असायची, एका ओळीला घाम फुटायचा. पण पोर खोळंबलीय म्हणून मी जायची. त्या प्रश्नांनी मला चालवलं. औषधांनी गाठ नेली असेल, पण माणूस परत आणला तो तू. एवढं लिहिलं आणि डोळ्यांपुढचा कागद दिसेना, म्हणून जरा थांबले होते.

आता बरं आहे. केस आले, पहिल्यापेक्षा काळे आले असं रतनबाई जळून म्हणते. डावा हात खांद्याच्या वर जात नाही आणि दोन हातांनी जोर लावून भाकरी थापवत नाही. म्हणून अप्पा थापायला शिकले. पहिले पंधरा दिवस भारताचा नकाशा व्हायचा, आता गोल होतात. गेल्या वर्षी तुझं लग्न झालं, संगमेशचं मात्र ठरलं नाही अजून. ज्यांना माझ्या आजारपणाची अडचण वाटली त्यांची सोयरीक नको, असं त्यानं स्वतःच सांगून टाकलं. वर्षभर मी ज्याची काळजी केली ते पोरानं दोन वाक्यांत मिटवलं.

आता पत्राचं कारण. गेल्या रविवारी चावडीवर तुझा प्रश्न वाचला. सातवा महिना लागला आहे, सासरी माहेरी मोठं बाईमाणूस कुणी नाही, बाळाला पहिली अंघोळ कशी घालायची, कुणी सांगेल का? खाली चौदा उत्तरं. कुणी पुस्तकाचं नाव दिलं होतं, कुणी प्लॅस्टिकचा टब सांगितला होता. मीही टाइप करायला बसले आणि मला असा राग आला, असा राग आला, की बंद करून घरी आले. सातवा महिना लागला आणि मला ही बातमी दुनियेबरोबर कळते? मग कळलं, काकू आजारी, काकूंना कशाला त्रास, असं तू मनाशी ठरवलं असणार. अगं, बाळाला अंघोळ घालायची ती पाय पसरून पायांवर घेऊन, आणि माझे पाय शाबूत आहेत. हाताचं काम, मालिश आणि शेक, रतनबाईनं आधीच मागून घेतलं आहे. तुझ्या नावाचं खोबरेल तेल ती घाण्यावरून घेऊन आली. पहिलं बाळंतपण माहेरीच असतं आणि न्यायला माहेरचंच माणूस जातं. म्हणून येत्या शुक्रवारी संगमेश तुझा भाऊ म्हणून मुराळी येतोय, खड्ड्यांत गाडी हळू चालवायची शपथ घेतलेल्या अर्जुनरावांना घेऊन. जावईबापूंची परवानगी मागणारी वेगळी चिठ्ठी अप्पांनी याच पाकिटात घातली आहे, तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिलेली. तुझ्या डॉक्टरांना मात्र विचारून घे. त्यांनी प्रवासाला नको म्हटलं, तर त्याच गाडीत बसून मी आणि रतनबाई पुण्याला येतो आणि बाळ सव्वा महिन्याचं होईपर्यंत हलत नाही. तू इकडं ये नाहीतर मी तिकडं येते, तिसरं काही नाही. आजवर तुला पुष्कळ सल्ले दिले, ऐकायचे की नाही ते तू ठरवायचीस. हा सल्ला नाही, पोरी. सामान बांधून ठेव.

तुझीच,
नीलम्मा